भरतीचा फोटो : न झालेल्या एका जलउद्यानाचं प्रकरण

नवी मुंबईतल्या खाडीकाठच्या एका नोडमधलं, म्हणजे सिडकोनं आखलेल्या एका वसाहतीतलं, हे प्रकरण. नोड कुठला, सेक्टर कितवा, माणसं कोण हे सांगत नाही. त्यानं समजण्यात काही अडत नाही. मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. ज्या आराखड्याविषयी लिहिते आहे तो माझ्याच ऑफिसात तयार झाला, त्यामुळे चुका मोजायला बसलं की पहिल्या दोन-तीन माझ्याच पदरात पडतात. विद्यार्थ्यांना हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "पण मॅडम, उद्यान अडवलं कुणी?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे सविस्तर.

जागा

सेक्टरची शेवटची इमारत संपली की एक सर्व्हिस रोड, मग गंजलेलं कुंपण आणि कुंपणापलीकडे पाणी. लोक त्याला तळं म्हणतात. कागदावर तो 'धारण तलाव' आहे आणि बोलताना सगळे अभियंते 'होल्डिंग पाँड'च म्हणतात. हा शब्दांचा फरक किरकोळ नाही. सगळं प्रकरण त्या फरकातच अडकलं.

नवी मुंबईचा खाडीकडचा बराच भाग खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीत, आणि मिठागरांत भराव टाकून वसवलेला आहे. १९७० मध्ये सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना झाली, ९५ गावांच्या हद्दीत नवं शहर आखलं गेलं. सखल जमीन उधाणाच्या पातळीच्या वर आणायची तर डोंगरच्या डोंगर फोडून मुरूम आणावा लागला असता. त्याऐवजी डच लोकांची पद्धत घेतली. जमीन बेताचीच उंच करायची, खाडीच्या बाजूला बांध घालायचा आणि शहरातले पावसाळी नाले बांधाच्या आतल्या मोठ्या खड्ड्यात आणून सोडायचे. बांधाखालून मोऱ्या आणि मोऱ्यांच्या खाडीकडच्या तोंडाला वर बिजागरी असलेल्या झडपा, म्हणजे फ्लॅप गेट. भरती चढली की खाडीच्या पाण्याच्या दाबानं झडप मिटते, खारं पाणी आत येत नाही, पावसाचं पाणी खड्ड्यात साठत राहतं. ओहोटी लागली की आतलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, वीज नाही, बटण दाबायला माणूस नाही. वाशी, नेरूळ, बेलापूर, कोपरखैरणे, ऐरोली अशा ठिकठिकाणी हे पाँड आहेत आणि मुसळधार पाऊस व मोठी भरती एका वेळी आली की शहर कोरडं ठेवण्याची जबाबदारी त्यांच्यावर असते.

हिशोब साधा आहे. एक हेक्टर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १,००० घनमीटर पाणी होतं, म्हणजे दहा लाख लिटर. शंभर हेक्टरांवरचं असं सगळं पाणी दहा हेक्टरांच्या पाँडमध्ये आलं तर पातळी एक मीटरनं चढते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तो आकडा बाजूला ठेवला तरी पाँड आधीपासून रिकामा असेल तरच उपयोगाचा, हे चौथीतल्या मुलालाही पटेल. मला पटायला वर्ष लागलं.

मागणी काय होती आणि प्रस्ताव काय झाला

२०१७ च्या पावसाळ्यानंतर सेक्टरमधल्या सोसायट्यांच्या फेडरेशनचे लोक ऑफिसात आले. अध्यक्ष निवृत्त बँक अधिकारी, सगळे त्यांना सर म्हणत. त्यांची मागणी एका कागदावर मावणारी होती: कुंपणाच्या आतून चालायला पायवाट, थोडी बाकडी, संध्याकाळी दिवे आणि डासांचं काहीतरी करा.

पहिला निर्णय इथे झाला आणि तो मी घेतला. मी म्हटलं, "सर, एवढ्यावर कशाला थांबायचं? अख्ख्या तळ्याचा विचार करू या."

त्या वेळी नोडमध्ये तसं वातावरणही होतं. खारघरचं सेंट्रल पार्क लोकांनी पाहिलेलं, नेरूळला वंडर्स पार्कात रविवारी रांगा, आणि कोपरखैरण्यात तर बंद झालेल्या डम्पिंग ग्राउंडवर निसर्ग उद्यान उभं राहिलेलं. कचऱ्याच्या ढिगावर बाग होते तर एवढ्या सुंदर पाण्याभोवती का नाही, हे माझं पेटंट वाक्य होतं. ते ऐकायला बरं वाटायचं. डम्पिंग ग्राउंडला भरती येत नाही, हे कुणी माझ्या तोंडावर सांगितलं नाही.

मग फोटो. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी एकच्या सुमारास मी शेवटच्या इमारतीच्या गच्चीवर गेले. पावसानं धुतलेलं आभाळ, पाँड काठोकाठ भरलेला, पलीकडे तिवरांची, म्हणजे खारफुटीची, हिरवी कड, त्यामागे खाडी. पाण्यात ढगांचं प्रतिबिंब. तो एक फोटो घेऊन आम्ही त्यावर सगळं उद्यान बसवलं: काठानं गोल फिरणारा लाकडी मार्ग, पाण्यावर तरंगती जेट्टी, पक्षी बघायला मनोरा, पायऱ्यांचं खुलं रंगमंडप. दीड मीटर पाणी बारा महिने राखायचं असं टिपणीत लिहिलं. वरच्या हिशोबाकडे पुन्हा बघा म्हणजे त्या दीड मीटरचा अर्थ लक्षात येईल.

सोसायटीच्या हॉलमधल्या सादरीकरणात टाळ्या पडल्या. चहा-बिस्किटांबरोबर सूचनाही आल्या. ज्येष्ठांना उताराविना मार्ग हवा होता. एका सोसायटीला बोटिंग. प्रभागाचे नगरसेवक आले होते, त्यांना संगीत कारंजं हवं होतं आणि ते मागे उभ्या कार्यकर्त्यांकडे बघत म्हणाले, "कारंजं नसेल तर लोक बाहेरून येणार कशाला?" तरुणांना सेल्फी पॉइंट हवा होता. आम्ही प्रत्येकाला हो म्हटलं. २०१५ मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालेलंच होतं, म्हणून मनोऱ्याचं नाव 'फ्लेमिंगो पॉइंट' ठेवलं. सगळ्याला मिळून 'जलउद्यान' म्हणू लागलो. महापालिकेच्या पुढच्या अंदाजपत्रकात कामाला लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं स्वतंत्र खातं, मिळालं आणि टोकन, म्हणजे नावापुरती, तरतूदही झाली. सरांनी पेढे वाटले.

आता मागे वळून पाहते तेव्हा त्या दोन तासांत काय झालं ते स्वच्छ दिसतं. लाकडी मार्गासाठी किनारा नियमन क्षेत्राची परवानगी लागणार होती. जेट्टीला आणि बोटींना आणखी एका खात्याची. मनोऱ्याला पायाच्या खांबांसाठी वनखात्याच्या कांदळवन (खारफुटी) कक्षाचं मत. कारंज्याला वीज, विजेला पॅनेल रूम, पॅनेल रूम म्हणजे पक्कं बांधकाम. बाहेरून लोक येणार म्हणून पार्किंग, म्हणून वाहतूक शाखा. एकेक समर्थक जोडताना आम्ही एकेक एनओसी जोडत होतो आणि टाळ्यांच्या आवाजात ते कुणाला ऐकू आलं नाही.

गावातली बैठक

गावठाण पाँडच्या उत्तरेला, चालत पाच मिनिटांवर. पहिल्या बैठकीला गावातलं कुणी नव्हतं, कारण आम्ही बोलावलंच नव्हतं. फेडरेशनच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप गेला आणि गाव त्या ग्रुपवर नाही. एका उपअभियंत्यानं खासगीत सुचवलं, "मॅडम, गावात एकदा दाखवून घ्या, नंतर अडचण नको." त्यांच्या डोक्यात मोर्चा होता. शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं १९८४ चं आंदोलन आणि त्यातून आलेली, जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देणारी योजना ज्या पट्ट्यानं पाहिली, तिथे कुठलाही अधिकारी गावाला गृहीत धरत नाही. माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. मी तोच लॅपटॉप, तेच चित्र घेऊन समाजमंदिरात गेले.

तिथे टाळ्या पडल्या नाहीत. एका बाईनं सरळ विचारलं, तिकीट असणार का? मी म्हटलं, नाममात्र. "म्हंजे आमच्याच खाजनान आमी तिकीट कारून जायाचा," ती म्हणाली आणि हॉलभर हसू पसरलं, पण ते प्रेमाचं नव्हतं. मासेमारी करणाऱ्या दोघांचा प्रश्न वेगळा होता. बांधावरून खाडीत उतरायची त्यांची वाट आमच्या चित्रात 'बांबू वन' झाली होती.

सत्तरीच्या पुढचे एक नाना पुढे आले. त्यांनी आराखड्याची मोठी प्रिंट टेबलावर नीट पसरायला लावली, चष्मा वर केला, बांधाच्या रेषेवर तर्जनी ठेवली आणि ती हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली. मग पुन्हा उलट. मला वाटलं, आपलं जुनं शेत शोधताहेत.

"यान उघारी कुठं हाय गो बाय?"

मला शब्द कळला नाही. शेजारच्या पोरानं सांगितलं, उघाडी. खारजमिनीच्या बांधाला पूर्वी लाकडी दार असायचं. भरती आली की लागायचं, सुकती आली की उघडायचं. भातशेती त्यावर जगायची, आणि उघाडी सांभाळणं हे गावानं मिळून करायचं काम. ज्याला आम्ही डच पद्धत म्हणत होतो ती या माणसानं लहानपणी हातानं चालवली होती. आमच्या आराखड्यात बाकड्यांचे बारा प्रकार होते. मोऱ्या आणि झडपा एकाही पानावर नव्हत्या.

नानांनी मग माझ्या फोटोकडे बोट केलं. "यो कदीचा?" मी सांगितलं, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. त्यांनी मनाशी तिथीचा हिशोब केला. "समा व्हता तवा. यो पानी खारीचा हाय. उघारी गलते तुमची."

समा म्हणजे भरतीची पूर्ण चढ. ज्या भरलेल्या तळ्याचं चित्र दाखवून आम्ही अंदाजपत्रकात तरतूद मिळवली, ते तळं भरलं होतं झडपा नादुरुस्त असल्यामुळे. झडप धड असती तर कोजागरीच्या भरतीला ते पाणी आत आलंच नसतं. फोटो उद्यानाचा नव्हताच, बिघाडाचा होता. तो दीडशे लोकांनी पाहिला, त्यात अभियंते होते, मी होते. ओळखला एकानं.

बांधाच्या पलीकडे

दोन दिवसांनी ओहोटीच्या वेळी गमबूट घालून आम्ही बांधाच्या खाडीकडच्या अंगाला उतरलो. तीन मोऱ्या. पहिल्या झडपेची बिजागरी एका बाजूनं तुटून झडप तिरकी लोंबत होती. दुसरीच्या फटीत बांबू, प्लास्टिक आणि थर्माकोलच्या मखराचा एक नक्षीदार खांब असा अडकला होता की झडप वीतभर उघडीच राहात होती. खांबावरचा सोनेरी रंग अजून शाबूत होता. तिसरी गाळात निम्मी गाडली गेलेली.

वीतभर फटीतून किती पाणी येणार, असं वाटतं. पण भरती दिवसातून दोनदा येते. दर वेळी खाडीचं गढूळ पाणी आत येतं, आत लाटा नसल्यानं गाळ खाली बसतो, स्वच्छ झालेलं पाणी बाहेर जातं. गाळानं तळ उथळ झाला की त्यात तिवराचं बी रुजतं, तिवराच्या श्वासमुळांत आणखी गाळ अडकतो. पाच-सहा वर्षांत पाँडच्या कडेला कंबरेएवढी झाडी उभी राहते, आणि त्या दिवसापासून प्रश्न यांत्रिकी विभागाचा न राहता कायद्याचा होतो.

कारण मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २००५ मध्येच राज्यभर कांदळवन तोडायला बंदी घातली होती आणि त्याभोवती ५० मीटरांत बांधकामाला मनाई केली होती. आमचं काम चालू असतानाच सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निकाल आला आणि तो आणखी ठाम होता: कांदळवनाचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग, आणि सार्वजनिक हितासाठी अगदी अपरिहार्य असेल तरच, तेही न्यायालयाची परवानगी घेऊन, त्याला हात लावता येईल. गाळ काढणं हे सार्वजनिक हित आहे असा युक्तिवाद करता येतो. संगीत कारंजं अपरिहार्य आहे असं कुठल्या वकिलानं उभं राहून म्हणावं?

एक स्पष्ट सांगते, कारण सेक्टरमध्ये अजूनही 'त्या झाडांमुळे पार्क गेलं' असं बोललं जातं. झाडांनी काही केलेलं नाही. दार उघडं राहिलं, ती आत आली. ती माशांची नर्सरी आहेत, किनारा धरून ठेवतात आणि तिथे वाढण्याचा त्यांना कायद्यानं हक्क आहे. उघड्या दाराची चौकशी करायची सोडून आलेल्या पाहुण्यावर राग काढणं मला पटत नाही.

ऑफिसात परत आल्यावर माझ्या सहकाऱ्यानं उपग्रह नकाशावर तिवरांची कड आखली आणि तिच्याभोवती ५० मीटरांची रेषा ओढली. रेषेच्या बाहेर आमच्या जलउद्यानातलं काय उरलं? पार्किंग आणि तिकीटघर.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मूळ आराखडा रेटण्याचा. त्याच्या बाजूनं लेखाशीर्ष होतं, नगरसेवकांचा शब्द होता आणि लोकांच्या मोबाइलमध्ये ते चित्र होतं. विरोधात वर सांगितलेलं सगळं.

दुसरा, जागा बदलायची. सेक्टरच्या मागच्या अंगाला हाय टेन्शन तारांखालचा मोकळा पट्टा आहे, सध्या तिथे नर्सरीवाले बसतात. तारांखाली उंच झाडं लावता येत नाहीत, बांधकाम करता येत नाही, आणि फेडरेशनमधल्या आयांनी एका वाक्यात विषय संपवला: तारांखाली आम्ही पोरं पाठवणार नाही.

तिसरा पर्याय तरुण पक्षीनिरीक्षकानं मांडला. हा मुलगा त्याच सेक्टरमधला, दर रविवारी वही घेऊन बांधावर. त्याचं म्हणणं, काहीच करू नका. खाडीतली चिखलपठारं भरतीला बुडतात तेव्हा शेकाट्या, तुतवार, बगळे आत येऊन पाँडच्या उघड्या चिखलावर थांबतात. तिथे दीड मीटर पाणी कायम केलं तर लांब पायांच्या पक्ष्यालाही उभं राहता येणार नाही, आणि मनोऱ्यावरच्या दिव्यांनी उरलेलेही जातील. 'फ्लेमिंगो पॉइंट'वरून फ्लेमिंगोच दिसणार नाहीत, असं तो हसत म्हणाला. मला त्याचं पटत होतं. पण नुसतं 'करू नका' घेऊन फेडरेशनपुढे जायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

चौथा पर्याय आम्ही उशिरा तयार केला आणि माझ्या मते तोच खरा होता. आधी झडपा. मग न्यायालयाच्या परवानगीनं नाल्यांच्या तोंडाशी अडलेला गाळ, तोही लागेल तेवढाच. आणि सेक्टरच्या बाजूला, जुन्या सर्व्हिस रोडच्या कडेनं, ५० मीटरांच्या बाहेर राहील तेवढी पायवाट, सावलीची झाडं, बाकडी. गावाची खाडीत उतरायची वाट जशीच्या तशी. म्हणजे एका वर्षाच्या चकरांनंतर आम्ही जवळजवळ तिथेच आलो होतो जिथे सर पहिल्या दिवशी एका कागदावर होते.

या चौथ्यातही एक काटा होता, तो लपवत नाही. झडपा नीट बसवल्या की आत वाढलेल्या तिवरांचं भरतीचं पाणी तुटतं. कांदळवनाला जाणारं भरतीचं पाणी अडवणं हाही नुकसानच करण्याचा प्रकार. म्हणजे झडप उघडी ठेवली तर पाँड गाळानं भरतो आणि मिटली तर झाडं सुकू शकतात. पंधरा वर्षांपूर्वी जे काम एका वेल्डरनं अर्ध्या दिवसात केलं असतं, त्याला आता दोन खात्यांचं मत लागणार होतं.

काय ठरलं आणि काय झालं

फेडरेशनच्या सभेत मी चौथा पर्याय मांडला. सादरीकरणात या वेळी खरे फोटो होते: चिखल, तुटकी बिजागरी, मखराचा खांब. सभा गप्प. रिकाम्या पाँडचं चित्र बघून कुणाला घरी बायकोला फोटो पाठवावासा वाटत नाही. नगरसेवकांनी विचारलं, "मॅडम, मी लोकांना वर्षभर कारंजं सांगितलंय. आता झडप सांगू?" प्रश्न रास्त होता. त्यांना कारंजं आम्हीच चितारून दिलं होतं.

शेवटी अशा सभांमध्ये होतं तेच झालं. दोन्ही करायचं ठरलं. मोठा आराखडा 'तत्त्वतः' कायम ठेवायचा आणि झडपांसाठी वेगळं पत्र द्यायचं. मी त्या ठरावाला हरकत घेतली नाही. माझ्या दृष्टीनं हा या प्रकरणातला सगळ्यात महागात पडलेला निर्णय. मोठा आराखडा जिवंत असेपर्यंत पाँडशी संबंधित कुठलंही काम 'उद्यान प्रकल्पाच्या अनुषंगानं' या शेऱ्याखाली जाऊन बसायचं, त्यामुळे झडपांचं पत्रही त्याच फायलीत गेलं. आणि ती फाईल गोल फिरत राहिली. जागा एका संस्थेनं बांधलेली, देखभाल दुसऱ्या संस्थेकडे, झाडं तिसऱ्या खात्याची, किनारा चौथ्याचा. प्रत्येकाचं उत्तर नियमात बसणारं होतं: आधी इतर विभागांची एनओसी जोडावी. कुणी नाही म्हटलं नाही. 'नाही' असा लेखी शब्द त्या फायलीत शोधून सापडणार नाही.

२०१९ मध्ये टोकन तरतूद पुन्हा झाली, पण आकडा कमी. सरांची तब्येत बिघडली आणि पाठपुरावा ढिला पडला. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, मे महिन्यात महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आले. पुढच्या अंदाजपत्रकात ते लेखाशीर्ष नव्हतं. जलउद्यान रद्द झाल्याचं पत्र आम्हाला कधीच आलं नाही. आमच्या बिलातला शेवटचा हप्ता आला नाही, एवढीच काय ती सूचना.

झडपांचं काम मात्र झालं, आणि ते कसं झालं हे सांगण्यासारखं आहे. त्याच उपअभियंत्यानं, ज्यानं गावात जायला सुचवलं होतं, झडपांचा विषय उद्यानाच्या फायलीतून बाहेर काढला आणि पावसाळापूर्व कामांच्या यादीत टाकला, नालेसफाईच्या शेजारी. तिथे तो 'नवीन प्रकल्प' नव्हता, 'दुरुस्ती' होती. तीनपैकी दोन झडपा बसल्या. गाळात गाडलेली तिसरी, तिथून पाण्याची बारीक धार आत येते, ती तिवरांच्या पाण्याच्या मुद्द्यावर अभिप्रायासाठी ठेवलेली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे फोटो. आता कुठल्याही पाण्याजवळच्या कामात मी एकाच जागेवरून चार फोटो काढते: उधाणाच्या भरतीला, त्याच दिवशीच्या ओहोटीला, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत, आणि भर पावसात. तिथीला तीननं गुणून चारनं भागलं की भरतीचा ढोबळ तास मिळतो, हा कोळ्यांचा हिशोब नानांकडून शिकले. तो तेव्हा माहीत असता तर हेही कळलं असतं की ज्या पौर्णिमेला दुपारी तळं असं भरतं, त्याच दिवशी संध्याकाळी सहाला, लोक फिरायला येतात त्या वेळी, तिथे चिखल असतो. आमच्या चित्रातली माणसं मावळतीच्या उन्हात भरल्या पाण्याकाठी उभी होती.

दुसरं, बैठकांचा क्रम. आधी गाव, मग झडपांची देखभाल करणारा माणूस, मग फेडरेशन, सर्वांत शेवटी नगरसेवक. आम्ही नेमकं उलट गेलो. 'लोकसहभाग' हा शब्द आमच्या अहवालात अनेकदा आला आहे आणि ज्यांच्या खाजणावर पाँड खोदला ते लोक पहिल्यांदा येतात ते परिशिष्टात.

तिसरं, लहान काम आधी करून मोकळं व्हायचं. सर्व्हिस रोडकडची पायवाट आणि बाकडी २०१८ मध्येच प्रभागाच्या निधीतून झाली असती. मोठ्या आराखड्यात ती टप्पा एक म्हणून गुंतवली आणि तिची वाट लागली. ठाण्यात कोलशेतला २०२४ मध्ये मोठं सेंट्रल पार्क खुलं झालं, ते विकासकाकडून बांधून घेतलेलं. जागा कोरडी आणि जबाबदार एकच. त्याचं उदाहरण देऊन अजूनही लोक मला विचारतात, ठाण्यात होतं मग आपल्याकडे का नाही. दोन जागांची तुलना करताना आधी मालक मोजावेत, मग एकर.

एका मुद्द्यावर मात्र माझं माझ्याशीच जमत नाही. ते भव्य चित्र नसतं तर त्या कुंपणापलीकडे कुणी पाहिलं असतं का? नाना समाजमंदिरात आले ते चित्र पाहायलाच. झडप दुरुस्त करा असं कोरडं पत्र पहिल्या दिवशी दिलं असतं तर त्याचं काय झालं असतं, याची मला कल्पना आहे. तरी त्यासाठी तीन वर्षं आणि एवढ्या लोकांची आशा खर्ची घालावी का, याला माझ्याकडे हो म्हणणारं उत्तर नाही.

नंतर

झडपा बसल्यानंतरच्या कोजागरीला मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी त्याच गच्चीवर गेले, दुपारी एकला. बांधापलीकडे खाडी तुडुंब, बांधाच्या आत चिखल, मधून नाल्याच्या पाण्याची एक वाकडी रेघ आणि तिसऱ्या मोरीपाशी चमकणारी धार. शेकाट्या गुलाबी पायांवर उभ्या होत्या. कॅमेरा काढला आणि तोच कोन धरला.

पाण्याची टाकी बघायला एक काका वर आले होते. त्यांनी मला ओळखलं. कठड्याशी येऊन खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "काय हो मॅडम, तळं आटलं की काय? तुमच्या त्या फोटोत किती छान भरलेलं होतं."